बार्शीची नोंदवही

परोपकारार्थ पैसा देणे आणि तो पैसा तपासणीच्या, औषधाच्या किंवा शस्त्रक्रियेच्या रूपाने गरीब रुग्णापर्यंत पोहोचविणे ही दोन सर्वस्वी भिन्न कर्तव्ये आहेत. परंतु पहिल्या कर्तव्याचा आपल्या समाजात जेवढा गौरव होतो, त्याच्या शतांशानेही दुसऱ्याचा विचार होत नाही. अन्नछत्र, पाणपोई आणि धर्मशाळा यांची आपल्याकडील परंपरा जुनी आहे, आणि पंढरी ज्यात वसली आहे त्या सोलापूर जिल्ह्याला तर तिचा परिचय करून देण्याचे कारणच नाही. परंतु अन्नछत्रातील दानाचे फळ त्याच दिवशी दात्याच्या डोळ्यांसमोर दिसते, आणि आरोग्यासाठी दिलेल्या दानाचे फळ दिसण्यास कित्येकदा दहा-पंधरा वर्षे लागतात. या दीर्घ मध्यंतरात पैशाचे, माणसांचे आणि विश्वासाचे काय होते, या प्रश्नाचा विचार करण्यासाठी परदेशातील उदाहरणे शोधण्याची गरज नाही. सोलापूर जिल्ह्यातील बार्शी या तालुक्याच्या गावी गेली काही दशके जे कार्य झाले, ते या दृष्टीने जगातील मोजक्या उद्बोधक उदाहरणांपैकी एक आहे, असे माझे मत आहे.

बार्शी हे भगवंताच्या मंदिराचे, धान्याच्या मोठ्या पेठेचे आणि एके काळच्या अरुंदमापी बार्शी लाइट रेल्वेचे गाव. येथे नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय उभे राहिले आणि मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाशी त्याचा घनिष्ठ संबंध जुळला. टाटा रुग्णालय हीदेखील मूळची देणगीचीच निर्मिती होय. लेडी मेहेरबाई टाटा यांचे 1931 साली रक्ताच्या कर्करोगाने निधन झाल्यानंतर सर दोराबजी टाटा विश्वस्त निधीतून या रुग्णालयाची उभारणी झाली आणि 1941 साली ते रुग्णांसाठी खुले झाले. पुढे 1957 साली ते केंद्र सरकारच्या आरोग्य खात्याकडे आणि 1962 साली अणुऊर्जा विभागाकडे सोपविण्यात आले. विश्वस्तांनी उभारलेल्या संस्थेचा नित्य खर्च कालांतराने सरकारने उचलावा, हा जो क्रम या इतिहासात दिसतो, तो पुढील विवेचनाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. कारण देणगीच्या बळावर सुरू झालेल्या प्रत्येक आरोग्यकार्यापुढे केव्हा ना केव्हा हाच प्रश्न उभा राहतो, की आरंभ करून देणाऱ्याचा हात सुटल्यावर नित्याचा भार कोणी वाहावयाचा.

बार्शीच्या कार्याचा खरा पाया मात्र कोणत्याही मोठ्या देणगीने घातलेला नाही. तो घातला एका नोंदवहीने. भारतातील पहिली कर्करोग नोंदणी मुंबईत 1963 साली सुरू झाली, आणि त्यानंतर बराच काळ या देशातील कर्करोगाविषयीचे आपले ज्ञान मोठ्या शहरांपुरतेच मर्यादित राहिले. खेड्यात कर्करोग किती, कोणत्या अवयवाचा, कोणत्या वयात, याचे उत्तर कोणापाशीही नव्हते. 1987 साली भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या राष्ट्रीय कर्करोग नोंदणी कार्यक्रमाखाली बार्शी येथे देशातील पहिली ग्रामीण नोंदणी सुरू झाली आणि बार्शी, परांडा व भूम या तीन तालुक्यांतील 346 गावे तिच्या कक्षेत आली. डॉ. भगवान नेने आणि डॉ. कस्तुरी जयंत यांची नावे या कार्याशी निगडित आहेत.

शहरातील नोंदणीदार रुग्णालयांत आणि प्रयोगशाळांत जाऊन तेथील दप्तरातून नावे उतरवून घेतो. खेड्यात ही पद्धत निरुपयोगी ठरते, कारण तेथील रुग्ण मुळात दप्तरापर्यंत पोहोचतच नाही. दुखणे अंगावर काढण्याची जी सवय दारिद्र्याने लावलेली असते, तिच्यामुळे कित्येक स्त्रिया निदान होण्यापूर्वीच मरण पावतात आणि मृत्यूच्या दाखल्यावर कर्करोगाचा उल्लेखही येत नाही. यास्तव बार्शीच्या कार्यकर्त्यांनी गावोगाव स्वतः जावयाचे, गावकऱ्यांच्या बैठका घ्यावयाच्या, बरी न होणारी जखम, गाठ, बायकांच्या अंगावरून जाणे अशी लक्षणे समजावून सांगावयाची आणि ज्यांना ती लक्षणे असतील त्यांना रुग्णालयात येण्यास प्रवृत्त करावयाचे, असा परिपाठ ठरविला. म्हणजे ज्याला आपण केवळ मोजणीचे काम समजतो, तेच येथे लोकशिक्षणाचेही काम झाले. त्याचा परिणाम काही वर्षांतच दिसू लागला: या गावांतून गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या ज्या रुग्ण स्त्रिया येत, त्यांच्यात रोगाच्या पहिल्या-दुसऱ्या अवस्थेत येणाऱ्यांचे प्रमाण वाढले. कोणतेही नवे यंत्र न आणता, कोणतेही नवे औषध न देता केवळ गावाशी नियमित बोलत राहिल्याने एवढे साधले, ही गोष्ट आरोग्यकार्याचे अंदाजपत्रक तयार करणाऱ्या प्रत्येकाने ध्यानात ठेवण्याजोगी आहे. अशा बोलण्यासाठी कोणत्याही अंदाजपत्रकात स्वतंत्र मद सहसा आढळत नाही.

या नोंदवहीतून असे निष्पन्न झाले, की या भागातील स्त्रियांच्या कर्करोगांत गर्भाशयमुखाचा कर्करोग अग्रस्थानी होता. हा रोग एकाएकी उद्भवत नाही. ह्यूमन पॅपिलोमा विषाणूच्या काही प्रकारांचा संसर्ग दीर्घकाळ टिकून राहिला तर गर्भाशयमुखावरील पेशींत हळूहळू बदल होतात, आणि त्या बदलांतून प्रत्यक्ष कर्करोग होण्यास साधारणपणे दहा ते वीस वर्षे लागतात. एवढ्या काळात एकदा जरी योग्य तपासणी झाली आणि बदललेला भाग नष्ट केला, तरी तो कर्करोग टाळता येतो. पाश्चात्त्य देशांत पॅप तपासणीने हे साधलेले होते. परंतु ती तपासणी प्रशिक्षित पेशीतज्ज्ञांवर अवलंबून असल्यामुळे भारतातील खेड्यांत ती कशी न्यावी, हे कोणालाही उमगत नव्हते.

या टप्प्यावर मोठी देणगी आली. गेट्स प्रतिष्ठानाच्या साहाय्याने 1999 साली पाच आंतरराष्ट्रीय संस्थांची गर्भाशयमुख-कर्करोग प्रतिबंधक आघाडी स्थापन झाली. त्या पाचांपैकी फ्रान्समधील लिऑं येथील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या द्वारे, डॉ. आर. शंकरनारायणन यांच्या मार्गदर्शनाखाली, बार्शीच्या रुग्णालयाने आणि टाटा स्मारक केंद्राने शेजारच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात एक विशाल प्रयोग हाती घेतला. या क्रमाकडे मी वाचकांचे विशेष लक्ष वेधू इच्छितो: नोंदवही आधी बारा वर्षे चालू होती, मगच देणगी आली. ज्या कार्यकर्त्यांना तीन तालुक्यांतील वाटा, पाटील, सरपंच, शाळामास्तर आणि सुईणी ठाऊक होत्या, ज्यांच्या शब्दावर स्त्रिया बार्शीला येत होत्या, त्यांच्या हाती पैसा पडला. तोच पैसा अनोळखी माणसांच्या हाती पडता, तर त्यातील केवढा भाग ओळख पटविण्यातच खर्ची पडला असता, याची कल्पना खेड्यांत काम केलेल्या कोणालाही सहज करता येईल.

प्रयोगाची रचना अशी होती. जिल्ह्यातील 497 गावांचे 52 गट पाडण्यात आले आणि कोणत्या गटाला कोणती तपासणी मिळावयाची हे दैवयोगावर सोपविण्यात आले. तीस ते एकोणसाठ वयाच्या 1,31,746 निरोगी स्त्रिया चार भागांत विभागल्या गेल्या: एका भागात विषाणूची तपासणी, दुसऱ्यात पॅप तपासणी, तिसऱ्यात गर्भाशयमुखाला सौम्य अॅसिटिक आम्ल लावून नुसत्या डोळ्यांनी केलेली तपासणी, आणि चौथ्या भागात आरोग्यशिक्षणाखेरीज काही नाही, तेथील स्त्रियांना एरवी जी वैद्यकीय सेवा उपलब्ध होती, तेवढीच मिळावयाची. ज्या तीन भागांत तपासणी होती, तेथील दर पाच स्त्रियांपैकी सुमारे चार तपासणीला आल्या. खेड्यातील मध्यमवयीन स्त्रीने, काहीही दुखत नसताना, गर्भाशयाची तपासणी करून घेण्यास येणे ही लहानसहान गोष्ट नव्हे. तथापि कोण आल्या आणि कोण आल्या नाहीत हेही पाहणे आवश्यक आहे: तरुण, विवाहित आणि थोड्याफार शिकलेल्या स्त्रिया अधिक प्रमाणात आल्या, वयाने मोठ्या, निरक्षर आणि विधवा स्त्रिया मागे राहिल्या. म्हणजे जिला धोका अधिक, तिचेच पाऊल उंबरठ्याबाहेर पडण्यास सर्वांत जड होते. उपस्थितीची सरासरी पाहून समाधान मानणाऱ्या व्यवस्थापकाला हे कधीच दिसत नाही. त्यासाठी न आलेल्यांची यादी वाचावी लागते.

तपासणीत दोष आढळलेल्या स्त्रीला दुर्बिणीने पाहणे, आवश्यक तर तुकडा घेणे, बदललेला भाग शीतोपचाराने गोठविणे किंवा विजेच्या तारेने काढून टाकणे, आणि कर्करोगच निघाला तर शस्त्रक्रिया व किरणोपचार करणे, ही सारी साखळी बार्शीच्या रुग्णालयापर्यंत सलग होती. या साखळीवाचून केलेली तपासणी हा स्त्रीवर केलेला अन्याय आहे, असे मी स्पष्ट म्हणतो. देणगीच्या पैशातून भरविलेली आरोग्य शिबिरे आपण वरचेवर पाहतो. मांडव पडतो, शेकडो माणसांची तपासणी होते, छायाचित्रे निघतात, अहवालात आकडा चढतो, आणि ज्यांच्यात दोष आढळला ती माणसे एक चिठ्ठी हाती घेऊन घरी परततात. पुढचा उपचार कोठे, कोणाच्या खर्चाने, सोबत कोण येणार, शेतावरची मजुरी बुडाली तर घर कसे चालणार, यांतील एकाही प्रश्नाचे उत्तर त्या चिठ्ठीवर नसते. शिबिराचा खर्च मंजूर करणाऱ्याने प्रथम उपचाराची तरतूद पाहावी आणि तेवढ्याच लोकांची तपासणी करावी, जेवढ्यांच्या उपचाराची हमी आहे.

या प्रयोगाचे निष्कर्ष 2009 साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन' या विख्यात नियतकालिकात प्रसिद्ध झाले. तपासणी न झालेल्या भागात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने 64 स्त्रिया दगावल्या होत्या. विषाणूची तपासणी झालेल्या भागात 34. रोग पुढच्या अवस्थेत गेल्यावर सापडलेल्या स्त्रिया पहिल्या ठिकाणी 82, दुसऱ्या ठिकाणी 39. आयुष्यात एकदा केलेल्या तपासणीने मृत्यू जवळजवळ निम्म्यावर यावेत, हे त्यापूर्वी कोणी सिद्ध केले नव्हते. पॅप तपासणीच्या भागात 54 आणि आम्ल-तपासणीच्या भागात 56 मृत्यू झाले. या दोन्ही तपासण्यांनी मृत्यूंत झालेली घट निर्णायक ठरली नाही. विषाणू नाही असा निर्वाळा ज्यांना मिळाला, त्यांच्यात पुढील वर्षांत कर्करोग अत्यंत विरळ आढळला. अन्य दोन तपासण्यांत निर्दोष ठरलेल्या स्त्रियांत तो त्याच्या सुमारे चौपट होता.

येथे एक गोष्ट सूक्ष्म विचार करण्यासारखी आहे. आम्ल लावून डोळ्यांनी पाहण्याची जी स्वस्त तपासणी उस्मानाबादेत फारशी फळली नाही, तीच तामिळनाडूतील दिंडिगल जिल्ह्यात फळली आणि मुंबईच्या झोपडवस्त्यांतही फळली. दिंडिगल येथे मृत्यू 35 टक्क्यांनी, मुंबईत 31 टक्क्यांनी घटले. मुंबईत ही तपासणी दर दोन वर्षांनी पुनःपुन्हा केली गेली होती, उस्मानाबादेत एकदाच, हे एक कारण असू शकते. परंतु मुळात जी तपासणी पाहणाऱ्याच्या डोळ्यावर अवलंबून आहे, ती त्या डोळ्याच्या शिक्षणावर, थकव्यावर आणि त्याच्यावर देखरेख करणाऱ्याच्या दक्षतेवरही अवलंबून असते. आम्ल स्वस्त आहे. ते लावून काय दिसते ते वर्षानुवर्षे सारख्याच कसोशीने पाहणारी परिचारिका स्वस्त नाही. तिला आरंभी शिक्षण द्यावे लागते, तिच्या निदानांची अधूनमधून फेरतपासणी करावी लागते, आणि ती काम सोडून गेली तर हा सारा खर्च पुन्हा मुळापासून करावा लागतो. स्वस्त उपाय हा शब्दप्रयोग देणगीदारांना अत्यंत प्रिय आहे. त्या उपायाची किंमत ठरविताना वस्तूचा भाव धरला आणि माणसाचा सोडून दिला, की हिशेब पहिल्याच पानावर चुकतो.

आता या प्रयोगाची जी बाजू मनाला अत्यंत अस्वस्थ करते, तिच्याविषयी बोलले पाहिजे. चौथ्या भागातील 31,488 स्त्रियांना तपासणी मिळाली नाही. 2014 साली मुंबईहून निघणाऱ्या 'इंडियन जर्नल ऑफ मेडिकल एथिक्स'मध्ये एका अमेरिकन वैद्याने उस्मानाबाद, दिंडिगल आणि मुंबई या तिन्ही प्रयोगांवर कठोर टीका केली. तपासणीने या रोगाचे मृत्यू टळतात हे पाश्चात्त्य देशांत पूर्वीच ठाऊक असताना हजारो गरीब स्त्रियांना तपासणीवाचून ठेवून त्यांचे मृत्यू मोजणे अनुचित होय, असा तिचा आशय होता. संशोधकांच्या बाजूने उत्तर असे, की त्या काळी भारतातील खेड्यांत अशी कोणतीही सार्वत्रिक तपासणी अस्तित्वात नव्हती, तेव्हा कोणाकडून काही हिरावून घेतले गेले नाही. आणि येथील परिस्थितीत कोणती तपासणी उपयोगी पडते याचे निर्विवाद प्रमाण नसते, तर कोणत्याही सरकारने तिच्यावर एक पैसा खर्च केला नसता.

दोन्ही पक्षांत सत्यांश आहे, असे म्हणून हा वाद मिटविणे मला पटत नाही. प्रमाण आवश्यक होते, हे मी मानतो. परंतु ज्या गावांनी आपल्या अभावाने ते प्रमाण पुरविले, त्यांचे ऋण हे कराराच्या पहिल्या दिवशीच रकमेच्या रूपाने लिहिले जावयास हवे. निष्कर्ष हाती आल्यापासून अमुक महिन्यांच्या आत, अमुक तपासणी, या या गावांतील प्रत्येक स्त्रीला, उपचारासह. आणि त्यासाठी ही रक्कम निराळी राखून ठेवलेली, अन्य कोणत्याही कारणासाठी हात न लावण्याजोगी. ज्याला असे कलम लिहिता येत नाही, त्याने असा प्रयोग आरंभू नये.

संमतीचा प्रश्न याहून निकडीने पुढे आला तो दुसऱ्या एका प्रकल्पात. 2009 साली त्या वेळच्या आंध्र प्रदेशातील खम्मम आणि गुजरातेतील वडोदरा या जिल्ह्यांत पाथ या परदेशी संस्थेने, गेट्स प्रतिष्ठानाच्याच साहाय्याने, शाळकरी मुलींना या विषाणूविरुद्धची लस देण्याचा प्रकल्प सुरू केला. लस घेतलेल्यांपैकी सात मुलींचे मृत्यू झाले. चौकशीत ते लसीमुळे झाले नसल्याचे आढळले. परंतु त्याच चौकशीत हेही उघडकीस आले, की कित्येक मुलींच्या संमतिपत्रांवर आईबापांऐवजी वसतिगृहाच्या अधीक्षकांनी किंवा मुख्याध्यापकांनी सह्या केल्या होत्या. 2010 च्या एप्रिलमध्ये सरकारने हा प्रकल्प थांबविला, आणि 2013 साली संसदेच्या स्थायी समितीने त्याच्यावर कडक ताशेरे ओढले. लस निर्दोष असूनही तिच्याविषयीचा संशय जनमानसात दीर्घकाळ राहिला, यात मला नवल वाटत नाही. ज्या बापाला आपल्या मुलीला काय टोचले हे नंतर कळते, त्याने पुढच्या कोणत्या टोचणीवर विश्वास ठेवावा?

प्रकल्प थांबविण्याच्या या सरकारी हुकुमाचा फटका बार्शीलाही बसला. लसीच्या तीन मात्रांऐवजी दोन पुरतील काय, हे पाहण्यासाठी आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने भारतात 2009 साली जो अभ्यास सुरू केला होता, त्याच्या केंद्रांत पुण्याबरोबर बार्शीचे रुग्णालयही होते. दहा ते अठरा वयाच्या वीस हजार मुलींना लस द्यावयाची योजना होती. खम्ममच्या प्रकरणानंतर सरकारने अशा सर्वच अभ्यासांतील लसीकरण थांबविले, तेव्हा 17,729 मुलींना लस टोचून झाली होती आणि त्यांतील अनेकींच्या मात्रा अपुऱ्या राहिल्या होत्या; सुमारे पाच हजार मुलींना तर एकच मात्रा मिळाली होती. कोणत्याही सामान्य प्रकल्पात अशा वेळी कपाटे बंद होतात, कार्यकर्त्यांना निरोप दिला जातो आणि उरलेली शिल्लक दात्याकडे परत जाते. येथे तसे झाले नाही. मुलींच्या नोंदी राखल्या गेल्या, वर्षानुवर्षे त्यांचा पाठपुरावा झाला, आणि 2021 साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत असे दिसले, की विषाणूच्या दोन प्रमुख घातक प्रकारांच्या चिवट संसर्गापासून एका मात्रेने मिळालेले संरक्षण सुमारे 95 टक्के होते आणि ते तीन मात्रांच्या तोडीचे होते. अशा पुराव्यांच्या आधारे जागतिक आरोग्य संघटनेने 2022 साली एका मात्रेच्या लसीकरणालाही मान्यता दिली. तीन मात्रांचा खर्च ज्या देशांना कधी परवडला नसता, त्यांच्या मुलींना त्यामुळे लस मिळू लागली. अकस्मात थांबविलेल्या कामातून हे ज्ञान निघाले, याचे श्रेय मी नोंदी सांभाळणाऱ्यांना देतो.

परंतु नोंदी सांभाळणाऱ्याचा पगार कोणत्या मदीतून द्यावयाचा, हा प्रश्न आपल्या विद्यमान व्यवस्थेत अधिकाधिक बिकट होत चालला आहे. परदेशी देणगी स्वीकारणाऱ्या संस्थेला 2010 च्या परकीय योगदान कायद्याखाली नोंदणी करावी लागते. 2020 च्या दुरुस्तीने प्रशासकीय खर्चाची कमाल मर्यादा देणगीच्या निम्म्यावरून वीस टक्क्यांवर आणली, प्रत्येक संस्थेचे परकीय देणगीचे खाते भारतीय स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतील मुख्य शाखेत असलेच पाहिजे असे ठरविले, आणि एका संस्थेने मिळालेला निधी दुसऱ्या संस्थेकडे वर्ग करण्यास पूर्ण मनाई केली. पैशाचा गैरवापर रोखण्याचा सरकारचा अधिकार कोणी नाकारणार नाही. तथापि या शेवटच्या मनाईचा भार कोणावर पडतो ते पाहावे. मोठ्या शहरातील संस्था देणगीदाराशी इंग्रजीत पत्रव्यवहार करून निधी मिळवीत आणि प्रत्यक्ष काम तालुक्यातील लहान संस्थेकडून करवून घेत. आता त्या लहान संस्थेने स्वतःच नोंदणी, लेखापरीक्षण, विवरणपत्रे आणि दिल्लीचे खाते सांभाळावयाचे, आणि तेही वीस टक्क्यांच्या आत. बार्शीसारखी प्रतिष्ठा असलेल्या संस्थेला हे साधेल. सांगोल्याच्या किंवा अक्कलकोटच्या एखाद्या नवख्या मंडळाला ते कसे साधावे?

देशी कंपन्यांच्या सामाजिक दायित्वाचा निधी हा दुसरा मार्ग. 2013 च्या कंपनी कायद्यान्वये विशिष्ट मर्यादेवरील कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के समाजकार्यावर खर्च करावे लागतात. या निधीची रक्कम मोठी आहे, परंतु चालू प्रकल्पाची मुदत, आरंभाचे वर्ष सोडून, तीन वर्षांहून अधिक धरता येत नाही. ज्या रोगाला संसर्गापासून कर्करोगापर्यंत येण्यास दहा-वीस वर्षे लागतात, त्याच्याशी तीन वर्षांच्या मुदतीने लढावयाचे, तर शेवटच्या वर्षी दात्याला दाखविण्यासारखे काय असणार? तपासलेल्या स्त्रियांची संख्या, वाटलेली पत्रके, विकत घेतलेली गाडी. टळलेला मृत्यू त्या अहवालात येऊच शकत नाही. गाडीला आणि इमारतीला देणगी मिळते. पण गाडीच्या चालकाच्या चौथ्या वर्षीच्या पगाराला ती मिळत नाही, आणि म्हणून जिल्ह्याजिल्ह्यांत पाऊसपाणी खात उभी असलेली रुग्णवाहने आपण पाहतो. माझी सूचना अशी, की दात्याने मंजूर रकमेचा एक निश्चित हिस्सा पहिल्याच दिवशी बाजूला काढून मुदतीनंतरच्या नित्य खर्चासाठी ठेवावा, आणि हे काम कोणत्या सरकारी कार्यक्रमात विलीन व्हावयाचे ते आरंभीच लेखी ठरवावे. केंद्र सरकारने 2016 साली तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख यांच्या कर्करोगासाठी तीस वर्षांवरील सर्वांच्या तपासणीच्या मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत. तेव्हा विलीनीकरणाला जागा नाही, असे कोणी म्हणू नये.

सोलापूर शहरातील विडी वळणाऱ्या हजारो स्त्रियांचा विचार केला, म्हणजे खर्चाच्या आणखी एका मदीकडे लक्ष जाते. या कामगार स्त्रीची मजुरी हजार विड्यांच्या हिशेबाने असते. तपासणीसाठी अर्धा दिवस गेला, की तेवढ्या विड्या कमी आणि तेवढे पैसे कमी. ऊसतोडीला सहकुटुंब बाहेर पडणाऱ्या स्त्रीचे गाव तर दिवाळीपासून शिमग्यापर्यंत रिकामेच असते, आणि ज्वारीच्या सुगीत उरलेल्याही रानात असतात. मुंबईत वा जिनेव्हात बसून आखलेले वेळापत्रक आर्थिक वर्ष पाहते. मार्च संपण्यापूर्वी हप्ता खर्ची पडला पाहिजे या घाईने नेमके रिकाम्या गावात पथक जाते. तपासणी मोफत असली तरी ती घेण्यास स्त्रीला किंमत मोजावी लागते. ती किंमत, म्हणजे बुडालेली मजुरी, एस.टी.चे भाडे आणि घरी मुलांपाशी थांबणारी सोबतीण, अंदाजपत्रकात धरली पाहिजे. या बाबी दिल्लीच्या लेखापरीक्षकाला किरकोळ वाटतील; पाचांपैकी जी पाचवी स्त्री तपासणीला आली नाही, तिच्या न येण्याचे कारण पुष्कळदा त्यांतच असते.

2009-10 साली ज्या मुलींना बार्शीत लस मिळाली, त्यांतील सर्वांत मोठ्या आता पस्तिशीकडे आल्या आहेत, म्हणजे सरकारी नियमाप्रमाणे त्यांच्या स्वतःच्या तपासणीचे वय झाले आहे. एका मात्रेचे संरक्षण वीस वर्षे टिकते की तीस, हे त्यांच्याच तपासणीतून कळावयाचे. परंतु लग्नानंतर त्यांची नावे आणि आडनावे बदलली. कोणी लातूरला, कोणी इंदापूरला, कोणी पुण्याच्या उपनगरात सासरी गेली. नोंदवहीत माहेरचे गाव, वडिलांचे नाव, सासरचा पत्ता आणि बदललेला दूरध्वनी क्रमांक हे चारही रकाने अद्ययावत ठेवणारा मनुष्य यापुढेही कामावर असला पाहिजे, आणि त्याच्या वेतनाची तरतूद पुढील प्रत्येक करारात, यंत्रसामग्रीच्या आधी, पहिल्या ओळीत लिहिली गेली पाहिजे.